दादाचं ताट

घरात कुणी आजारी पडलं की सगळ्यांचं लक्ष त्या माणसाकडे असतं. या घरात उलटंच चाललं होतं. आजारी होता धाकटा, आणि सगळ्यांच्या नजरा मात्र दादाच्या ताटावर.

धाकट्याचं यकृत निकामी होत चाललं होतं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हातपायांच्या काड्या. घरातल्या कुणालातरी आपल्या यकृताचा तुकडा द्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. रक्तगट जुळला तो फक्त दादाचा. "झालं तर मग, दादा आहेच," आई म्हणाली आणि विषय तिथेच संपला. दादा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. तुला चालेल का रे, असं त्याला कुणीही विचारलं नाही. शेजाऱ्याची शिडी उसनी आणताना माणूस निदान तेवढं तरी विचारतो.

दादा इमारतींना काचा बसवायचा. चाळिशी ओलांडलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, अंगाने दांडगा आणि पोटाने त्याहून दांडगा. बायको नाही, पोरं नाहीत, म्हणजे याचं काय अडणार आहे, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तपासणीत एकच खोट निघाली. त्याच्या यकृतावर चरबी साचली होती. असा तुकडा चालत नाही. आधी चरबी उतरवा, मग तारीख ठरवू, असं ठरलं.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं होतं. चरबी गेली पाहिजे, पण मांस राहिलं पाहिजे. ऑपरेशननंतर उठून उभं राहायला तेच कामी येतं. म्हणून अंडी, मासे, डाळी पोटभर खायच्या, वजनं उचलायची आणि उपास अजिबात करायचा नाही. घरच्यांनी यातलं "चरबी गेली पाहिजे" एवढंच ऐकलं. बाकीचं या कानातून आत आणि त्या कानातून बाहेर.

आईने त्याचं ताट निम्म्यावर आणलं. धाकट्याच्या बायकोने तेलाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. दादाने एकदा चाचरत अंडी मागितली, तर ती म्हणाली, "नको हो भाऊजी, पिवळ्यात चरबी असते. थोडे दिवस कळ काढा." ती बिचारी नवऱ्यासाठी रात्रंदिवस झिजत होती, तिच्यावर चिडणार कसं? दादा काकडीचे काप चघळत बसायचा आणि आई समोर बसून शेवटचा काप पोटात जाईपर्यंत बघायची. कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही घरून ताकीद गेली होती. साधा बिस्किटाचा पुडा मागितला तरी तो हात जोडायचा. "तुमच्या आईंनी बजावलंय. माझ्या पोटावर पाय आणू नका."

आता खरी गोष्ट सांगतो. दादा भ्यालेला होता. पोट फाडून घ्यायचं, पुन्हा जाग येईल की नाही कुणास ठाऊक, आली तरी काचा उचलता येतील का? मला भीती वाटते, हे एवढंसं वाक्य. पण ते घरात बोलायचं कुणापुढे? धाकट्याच्या पिवळ्या डोळ्यांपुढे?

मग त्याने एक पळवाट काढली. कामावर, काचांच्या उभ्या खोक्यांमागे बसून तो क्रीमरोल खायला लागला. लांबच्या बेकरीतून आणायचा, घाईघाईने बकाबका कोंबायचा आणि तोंड धुऊन कामाला लागायचा. चरबी आहे तोवर तारीख नाही, एवढा सरळ हिशेब. खाताना त्याला स्वतःची किळस यायची. तरी दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळायचे.

घरी उपास आणि बाहेर क्रीमरोल. शरीराने त्यातून भलतंच काहीतरी केलं. पहिल्या मजल्यावर मोठी काच चढवत असताना दादाचे दंड थरथरायला लागले. काच धरायची रबरी पकड हातातून सुटणार, एवढ्यात जोडीदार ओरडला, "अरे धर, धर!" दोघांनी कशीबशी काच भिंतीला टेकवली. जोडीदाराने घाम पुसत त्याच्याकडे पाहिलं. "घरी जा बाबा. आज काच वाचली, उद्या तूच फुटशील."

घरी मात्र आनंदीआनंद होता. सदरा ढगळ झालाय, गाल बसलेत! आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "माझं लेकरू भावासाठी किती सोसतंय!" दादाला त्या हाताखालून पळून जावंसं वाटलं.

पुढच्या तपासणीला तिघं गेले, आई, धाकटा आणि तो. दात्याशी आहारतज्ज्ञ बाई एकांतात बोलत. दार लावून त्या समोर बसल्या.

"वजन उतरलंय," त्या म्हणाल्या. "पण उतरलंय ते मांस. चरबी जागच्या जागी आहे."

दादाने ढगळ सदरा सारखा केला.

"घरी उपाशी ठेवतात, हे दिसतंय. बाहेर काय खाता?"

दादाने तोंडावरून हात फिरवला. बाईंनी जास्त ताणलं नाही.

"हे बघा, द्यायचं नसेल तर मला सांगा. आम्ही घरी फक्त प्रकृती बसत नाही, एवढंच कळवतो. कारण कुणालाही कळत नाही. कधीच."

दादाचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस भिंतीच भिंती होत्या, आणि दार इतकं जवळ होतं! "मग तसंच सांगा," तो झटकन म्हणाला.

"थोडा वेळ बाहेर बसा. मग आईंना बोलावते."

बाहेर बाकावर धाकटा एकटाच होता. आई औषधं आणायला गेली होती. दादा त्याच्या शेजारी टेकला.

"दादा, आई यायच्या आत बोलतो," धाकटा म्हणाला. "मी तुला कधी विचारलंच नाही. विचारलं आणि तू नाही म्हणालास तर, या भीतीने गप्प बसलो. आई तुला ढकलत होती, आणि मला ते बरंच वाटत होतं."

"बोलू नकोस, दम लागतो."

"लागू दे. तू भ्यालायस, मला दिसतंय. आता विचारतो. नको असेल तर नाही म्हण, आईला मी समजावेन. माझा राग नाही तुझ्यावर. खरंच नाही."

दादाच्या डोक्यात तिडीक गेली. हा शहाणा आधी विचारता तर? तेव्हा नाही म्हणता आलं असतं, भांडता आलं असतं, आईच्या नावाने खडे फोडता आले असते. आत त्या बाईंनी दार उघडून दिलं होतं, आणि याने असं प्रेमाने विचारून ते धाडकन लावून घेतलं. ज्याने जबरदस्ती केली असती त्याच्या हातून निसटता आलं असतं. याच्या हातून कसं निसटणार? धाकटा उत्तराची वाट बघत होता, आणि वाट बघताना त्याचे पिवळे डोळे अगदी शांत होते.

दादा उठला आणि पुन्हा आत गेला.

"मघाशी म्हणालो ते राहू द्या," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "आणि आईला तुम्हीच सांगा, पोटभर वाढ म्हणावं, अंडी दे म्हणावं. माझं घरात कुणी ऐकत नाही. बाहेरचं खाणं मी बंद करतो."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बाहेर तुम्हाला कुणी काही बोललं का?"

"कुणी काही बोललं नाही. मला भीती वाटते," दादा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "फार भीती वाटते."

"ती वाटणारच. पण ती वाटत असताना हो म्हणायलाच हवं, असं नाही. नीट सांगा. देणार आहात?"

"आता दुसरं काय करू?" दादा म्हणाला.