नखांच्या दिव्याची झळ

मित्रांनो, पोटात चार निळ्या नळ्या असलेला मी एक जुना दिवा आहे. घर उजळणं माझं काम नव्हतं. नखांना लावलेलं जेल, म्हणजे रंगाचा चिकट लेप, कडक करायचं, एवढंच मला येत होतं. अयूबभाईंनी मला दुबईत घेतलं आणि २००४ साली रत्नागिरीला आणलं. त्यांच्या पत्नीचं, सुरय्याभाभींचं, घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर होतं.

तिथे पालीहून रोज एसटीनं शमिका कामाला यायची. काम ती भाभींकडूनच शिकली, पण जेलचा स्वभाव तिला अधिक कळला. थंडीत ते घट्ट होई, तेव्हा ती बाटली मुठीत धरून ऊब देई. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं पळे, म्हणून बाटली गार पाण्याच्या भांड्यात ठेवी. थर जाड झाला तर माझ्याखाली जेल तापतं आणि नखाला चटका बसतो, हेही तिला ठाऊक होतं. "भाजलं तर लगेच हात काढायचा हां, लाजायचं नाय," असं ती प्रत्येकीला सांगे. गिऱ्हाइकं तिलाच मागू लागली. भाभी हसून ऐकत. ते हसू मी फार जवळून पाहिलं आहे.

मे महिन्यात तूबा नावाच्या मुलीचा निकाह ठरला. तिची आई आदल्या दिवशी सांगून गेली, "नखं शमिकाच करील."

दुसऱ्या दिवशी शमिका आत जेवत होती. भाभींनी बाटली पाण्यातून काढून खिडकीत भर उन्हात ठेवली, आणि ती यायच्या आत परत भांड्यात सोडली. पाहणारा मी एकटाच होतो.

तूबा आणि तिची आई आल्या. पहिल्या नखावरच शमिकाचा हात थांबला. "भाभी, जेल पळतंय. थोडं गार होऊ दे."

"संध्याकाळी निकाह आहे. थांबायला वेळ कुठे? लाव."

जेल नखांच्या कडांना जाऊन साचलं. तूबानं हात माझ्याखाली घातला आणि कळवळली. शमिका म्हणाली, "काढ हात." पण भाभींनी तूबाचं मनगट दाबून धरलं. "थोडं सोसायचं गं. नवरी ना तू?"

मित्रांनो, माझं बटण माझ्या हाती नव्हतं. मी पेटून राहिलो.

हात बाहेर आला तेव्हा बोटं लाल झाली होती. तूबाची आई संतापली. भाभी शांतपणे म्हणाल्या, "हिनं बाटली उन्हात ठेवली असणार. किती वेळा सांगितलं हिला."

"मी नाय ठेवली," शमिका म्हणाली.

"मग हिलाही कळू दे कसं भाजतं ते." भाभींनी शमिकाचा डावा हात ओढला, पाचही नखांवर जाड थर दिला आणि हात माझ्याखाली ठेवला. "नोकरी हवी असेल तर काढायचा नाही."

शमिकानं ओठ दाबले. पूर्ण दोन मिनिटं मी तिला भाजत होतो. तिनं हात काढला नाही. तूबाच्या आईनं मान वळवली. मी विझलो, तेव्हा भाभी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

पार्लर छान चाललं. भाभींना कसलीच शिक्षा झाली नाही. दोन वर्षांनी तूबा माहेरी आली होती, तेव्हा पार्लरमध्येही आली. तिनं विचारलं, "ती बाई कुठे असते? मला हात काढ म्हणाली होती ती."

"कोण बाई?" भाभींनी विचारलं, आणि तिच्या केसांतून कंगवा फिरवू लागल्या.

आता माझ्या नळ्या मंद झाल्या आहेत. नवीन यंत्र आलं, मी माळ्यावर आहे. माझी धूळ कोणी पुसावी, असं मी मागत नाही. मागणं एवढंच आहे, की कुणी भाजतंय म्हटलं तर खरंखोटं नंतर ठरवा. आधी त्याचा हात सोडा.