चौदा ठिगळांची ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. सायकलच्या मागच्या चाकातली. सायकलचं आत्मवृत्त तुम्ही वर्गात लिहिलं असेल, घंटीचंही कुणी लिहिलं असेल. ट्यूबचं मात्र कुणी लिहीत नाही. आम्ही दिसतच नाही ना! घंटी नुसती किणकिणली तरी लोक वळून बघतात. आम्ही दोन माणसांचं ओझं वाहतो, आणि आमची आठवण होते ती फक्त हवा गेल्यावर. असो. रुसून बसले तर गोष्ट राहून जाईल.

माझा जन्म दूरदेशी, रबराच्या झाडाच्या चिकातून झाला. आगबोटीनं मुंबईला आणि आगगाडीनं मिरजेला आले. एकोणीसशे एकोणचाळीस साली रायगोंडाअण्णांनी मला विकत घेतलं. अण्णा म्हणजे मिरजेच्या पूर्वेला दहा मैलांवरच्या गावातले जैन शेतकरी. त्यांचा पानमळा होता. खायच्या पानांच्या वेली शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या, आत गारेगार सावली, पायाखाली सदा ओल. मळ्यात पायताण घालून जायचं नाही, हा तिथला नेम. खुद्द अण्णासुद्धा बांधावर जोडे काढत.

खुडलेली पानं टोपल्यांत भरून रोज मिरजेच्या स्टेशनावर पोचवायची. पान म्हणजे नाजूक जात. गाडी चुकली की माल सुकला. ते काम जोतीरामचं. तिशीतला गडी, बोलका, चढाव आला की गाणं म्हणणारा. पण आमच्या वाटेवर चढाव होताच कुठं? तळहातासारखी सपाट वाट. आधी पानमळे, मग अण्णांनी हौसेनं लावलेला द्राक्षांचा मांडव, मग जोंधळ्याची रानं, आणि मग दीड मैल बाभळीचं बन.

त्या बनाचं नाव काढलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. तिथं एका पावसाळ्यात मला तीन ठिगळं पडली. बाकीची इकडची तिकडची. एक द्राक्षांच्या मांडवाच्या तारेनं, एक बाजारातल्या नालाच्या खिळ्यानं. प्रत्येक ठिगळ कुठं पडलं ते मी डोळे मिटून सांगेन. तुम्ही वाटेचा नकाशा कागदावर काढता, माझा अंगावर आहे.

पुढं महायुद्ध पेटलं आणि रबर दिसेनासं झालं. मिरजेच्या दुकानात नवी ट्यूब मागितली की दुकानदार हसायचा. मला तेव्हा तेरा ठिगळं होती. अण्णांनी जोतीरामला बजावलं, "डबलशीट बंद. ही टूब गेली की मळा बसला म्हणून समज." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी काळजी केली होती.

त्रेचाळीस सालच्या फाल्गुनातली गोष्ट. पानं पोचवून आम्ही नुकते मळ्यात परतलो होतो. अकराचा सुमार. बांधावर आमच्याच गावचे हंबीरराव हवालदार येऊन उभे राहिले. ते पलटणीतून रजेवर आले होते, बेळगावहून सकाळच्या गाडीनं उतरून थेट चालत. त्यांनी हाक मारली ती अंबूबाईला.

अंबूबाई पानं खुडायला यायची. विधवा बाई, जन्मात पायात वहाण नाही. तिचा एकुलता एक लेक गुंडा, वर्षापूर्वी पलटणीत भरती झालेला. तेव्हापासून तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

"अंबूवहिनी, गुंडाची पलटण हलली," हंबीरराव म्हणाले. "मुंबैला, तितनं बोटीनं. आज दोनला त्येंची गाडी मिरजंत पाणी घ्यायला थांबल. अर्धा घंटा. मला आजच कळलं, न्हाईतर सांगावा धाडला आस्ता."

अंबूबाईच्या हातातली पानं खाली पडली. दहा मैल. बैलगाडीनं निघालं तर चार वाजून गेले असते. ती नुसती माझ्या चाकाकडं बघत राहिली आणि मग अण्णांकडं.

जोतीराम पुढं झाला. "आवं अण्णा, मी नेतो मावशीला."

अण्णांची नजर माझ्यावर. त्या क्षणी मला वाटलं, आता हे नाही म्हणणार. आणि म्हणाले असते तरी दोष कसा द्यायचा? चार घरांची भाकरी माझ्यावर होती. ते वळले आणि तरातरा द्राक्षांच्या मांडवाकडं गेले. परत आले ते पानात बांधलेले दोन घड घेऊन.

"पोराला दे," ते अंबूबाईला म्हणाले. मग जोतीरामवर खेकसले, "बगतोस काय? हवा भर की रं!"

मित्रांनो, अंबूबाई पहिल्यांदाच सायकलवर बसत होती. एका हातात द्राक्षं, दुसऱ्या हातानं जोतीरामचा सदरा गच्च धरलेला. मळे मागं पडले, जोंधळ्याची रानं मागं पडली. ऊन तापलं होतं. माझं अंग जुनं, वर दोन माणसांचा भार. तरी मी पळत होते.

बाभळीच्या बनात निम्म्यावर आलो आणि तो घुसला. बोटाच्या दोन पेरांएवढा पांढरा काटा. माझ्यातून बारीक फुसफुस सुरू झाली. जोतीराम उतरला. चाक फिरवून बघतो तर काटा रुतलेला. ठिगळ लावायचं सोल्युशन महिन्याभरापूर्वीच संपलं होतं, आता ठिगळ मिरजेच्या दुकानातच लागे. जवळ होता फक्त पंप. तो काटा उपटायला वाकला.

"उपटू नगंस!" अंबूबाई ओरडली.

"आवं मावशी, काटा हाय त्यो."

"दिसतंय मला. जलमभर आनवाणी चाललीया मी. पायात काटा मोडला तर वाटंत काडायचा न्हाई. काडला की रगत थांबत न्हाई. तसंच चालायचं, घरी गेल्यावर काडायचा."

"ह्यो पाय न्हवं, मावशी. चाक हाय."

"मग चाकाला काय येगळा न्याय हाय व्हय? काट्यानंच भोक बुजलंय. ऱ्हाऊ दे तसा."

ती कधी शाळेत गेली नव्हती, पण माझ्या मनातलं बोलली. काटा निघाला असता तर मी तिथंच आडवी झाले असते. जोतीरामनं वर आलेलं काट्याचं टोक तेवढं मोडलं आणि पंप मारला. मग मी त्या काट्याला आवळून धरलं. ज्यानं भोसकलं त्यालाच उराशी धरायचं, दुसरा उपाय नव्हता. तरी हवा थोडी थोडी जातच होती. दर दोन-तीन फर्लांगांवर थांबायचं, पंप मारायचा, निघायचं.

पुढं वाळूचा पट्टा लागला तेव्हा अंबूबाई आपणहून खाली उतरली. "तिला भार सोसंना. मी पळते," म्हणाली आणि पळायला लागली. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला, पाय भाजत होते, हातात द्राक्षं. मित्रांनो, मला त्या वेळी रडू आलं. पण ट्यूबनं रडायचं कसं? रडणंही हवेचंच, आणि ती मला जपायची होती.

स्टेशनाच्या तारेच्या कुंपणाला जोतीरामनं सायकल टेकवली तेव्हा गाडी उभीच होती. इंजिनाचं पाणी भरून झालं होतं. अंबूबाई डब्यामागून डबे ओलांडत हाक मारत होती, "गुंडा! ए गुंडा!" चौथ्या का पाचव्या डब्यातून एक उंच पोरगा उडी मारून खाली आला. "आई? तू कशी आलीस गं?"

"सायकलीवर," ती म्हणाली. तो इतका हसला की सगळा डबा हसायला लागला.

मला वाटलं होतं ती रडेल. ती त्याच्या पायांकडं बघत होती. "बूट घट्ट व्हत न्हाईत न्हवं?"

"न्हाई गं. सरकारी हाईत, लय झ्याक."

"काटा लागत न्हाई न्हवं?"

"ह्येला काय लागतंय? बघ की!" त्यानं बूट जमिनीवर आपटून दाखवला. तिनं वाकून त्या बुटाला हात लावून पाहिला. मग द्राक्षं दिली. त्यानं पहिलं द्राक्ष तिच्या तोंडात घातलं. दहा मिनिटं, फार तर. शिट्टी झाली. गाडी दिसेनाशी झाली तरी ती हात वर करून उभी होती.

संध्याकाळी मिरजेच्या दुकानात काटा निघाला आणि मला चौदावं ठिगळ पडलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते पाहिलं. जोतीराम मान खाली घालून उभा. "तेरा काय न् चौदा काय," एवढंच अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी तार आली. गुंडा इटलीच्या लढाईत पडला होता.

अंबूबाई महिनाभर मळ्यात आली नाही. मग येऊ लागली. दर बाजारच्या दिवशी ती मिरजेला चालत जायची, तेव्हा बाभळीच्या बनात वाकून वाकून वाटेवरचे काटे वेचायची आणि लांब भिरकावून द्यायची. एकदा जोतीरामनं सायकल थांबवली. माझ्यात हवा होती, मी सगळं ऐकलं.

"मावशी, आता कशापाय येचताय काटं?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुनाच्या तरी आईला गाडी गाठायची आसंल की रं."

त्या दिवसापासून आमच्या वाटेवर मला एकही ठिगळ पडलं नाही. मी चौदावरच थांबले.

युद्ध संपलं, नव्या ट्यूबा आल्या, मला चाकातून काढलं. कुणी म्हणालं, कापून दोऱ्या करा. जोतीरामनं ऐकलं नाही. आता मी त्याच्या घरात खुंटीवर लटकते आहे. अंगात हवा नाही, पण नकाशा तसाच आहे. अंबूबाई आता थकली. तिला वाकवत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, जमलं तर. पण वाटेत काटा दिसला तर ओलांडून जाऊ नका. वाका आणि उचला. मागून कोण येत असेल आणि त्याच्या हाताशी किती मिनिटं असतील, ते तुम्हाला ठाऊक नसतं.