पोलिक्सेनीबाईंची शब्दमुळांची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसता येत नाही. कुणी जरा हलवलं की माझ्या पोटातले ठोकळे खडखडू लागतात. लोक म्हणतात, हिला वाचाच फुटली आहे.

माझा जन्म ग्रीसमधल्या सीरोस बेटावरच्या गोदीत झाला. होड्या बांधून उरलेल्या फळ्यांतून मला पोलिक्सेनीबाईंच्या भावानं बनवलं. ठोकळे कापताना तो कुरकुरत होता.

"ताई, तुझ्या घरात लहान मूल नाही. हे ठोकळे खेळणार कोण?"

"मोठी माणसं," बाई म्हणाल्या. "इंग्रजी शब्दांना तीच जास्त घाबरतात."

बाई इंग्रजीच्या शिकवण्या घेत. प्रत्येक ठोकळ्यावर त्यांनी शब्दाचं एकेक मूळ रंगवलं. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. 'थर्मो' म्हणजे गरम आणि 'मेट्रो' म्हणजे माप. दोन्ही शेजारी ठेवले की थर्मामीटर. 'तिली' म्हणजे दूर, 'फोनी' म्हणजे आवाज, दोन्ही मिळून टेलिफोन. लॅटिन मुळांचे ठोकळे निळे होते. त्यातल्या 'पोर्ट'चा अर्थ वाहून नेणं. त्याच्याआधी वेगवेगळे ठोकळे लावून बाई एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट असे शब्द भराभर जुळवून दाखवत.

बाईंनाही स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. मला काखेत मारून त्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांतून घरोघरी जात. शिकवतानाही येरझाऱ्या घालत. वयाबरोबर त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं, पण पाय काही थांबले नाहीत. आम्ही दोघी कायम वाटेवर असायचो. एका घरून निघताना माझे ठोकळे पुढच्या घराच्या ओढीनं वाजत असायचे.

बाईंच्या विद्यार्थ्यांत रोझा होती. ती लुकुमी या मऊ मिठाईच्या कारखान्यात वड्या कापायची. तिच्या बोटांची पिठीसाखर माझ्या फटींत जाऊन बसायची. तिचा मोठा भाऊ फ्रांगिस्कोस मालवाहू जहाजावर होता. बंदरात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना माल विकता यावा म्हणून तिला इंग्रजी हवं होतं.

"माझ्या डोक्यात इंग्रजी राहतच नाही हो, बाई."

"अगं, अर्धं तर तिथं आधीपासून आहे. फक्त इंग्रजांनी त्याचा उच्चार बिघडवलाय."

रोझा हसायची आणि पुन्हा ठोकळे जुळवायची. हळूहळू लांबलचक शब्द तिच्या मुठीत आले. अडायची ती छोट्या शब्दांवर. 'हेमरेज' ऐकताच तिला रक्तस्राव कळे, कारण तो शब्दच ग्रीक. पण 'ब्लीड' म्हटलं की चेहरा कोरा.

एका रविवारी दुपारी आम्ही रोझाच्या दारात पोहोचलो, तर आत आनेता, म्हणजे रोझाची आई, डोळे पुसत बसलेली. तासाभरापूर्वी इंग्लंडमधल्या एका इस्पितळातून फोन आला होता. फ्रांगिस्कोसला पोटाच्या दुखण्यामुळे जहाजावरून उतरवलं होतं. जहाज पुढे निघून गेलं होतं. तो तापानं बरळत होता, आणि दुभाष्या संध्याकाळशिवाय मिळणार नव्हता.

"नर्स फार भरभर बोलत होती, तुकडे जोडून एवढं काढलं," रोझा म्हणाली. "पण एक शब्द नीट कळला, म्हणून जिवात जीव आला. म्हणाली, त्याला आगोनिया आहे."

ग्रीकमध्ये आगोनिया म्हणजे घोर, काळजी. घरापासून लांब पडलेल्या माणसाला घोर लागणारच, अशी या मायलेकींनी एकमेकींची समजूत घातली होती.

बाई मात्र खुर्चीवर बसल्या. मी त्यांना असं मटकन बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"रोझा, ती नेमकं काय म्हणाली? अ‍ॅगनी?"

"हो. तेच ना?"

"मूळ तेच आहे गं. पण इंग्रजांकडे जाऊन त्याचा अर्थ बदललाय. त्यांच्याकडे अ‍ॅगनी म्हणजे सहन होणार नाही अशी वेदना."

मित्रांनो, तुमच्याकडेही असं होतं. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि मराठीत तोच शब्द ऐकला की मुलं हात मागे लपवतात.

रोझाचा चेहरा उतरला. "तिनं आणखी काही विचारलं होतं. सगळे छोटे शब्द, त्यातला 'टेक' म्हणजे घेणं एवढाच कळला. मला वाटलं, सामानाबद्दल विचारतेय. मी नो, नो म्हणून मोकळी झाले."

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच बोला ना, बाई."

"या कानांनी? फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते. तूच बोल. आणि नर्सशी नको, डॉक्टर माग. त्यांचे शब्द आपले असतात."

बाईंनी मला टेबलावर उलटं केलं. सगळे ठोकळे खडखडत सांडले. नंबर फिरवताना रोझा दोनदा चुकली. लाइन लागली, तुटली, पुन्हा लागली. मी रिकामीच एका कडेला पडले होते आणि माझ्यात वाजायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर, प्लीज," रोझा म्हणाली. मग पुन्हा, "डॉक्टर, प्लीज."

शेवटी डॉक्टर आले. त्यांचं बोलणं ऐकताना रोझाचं बोट ठोकळ्यांवरून फिरू लागलं. 'पेरी', म्हणजे भोवती. पेरिटोनायटिस! पोटाच्या आतल्या आवरणाला सूज. मग तिनं 'अँटी' ओढला, त्याला 'बायो' जोडला आणि फोनवर हात ठेवला.

"आई, ते अँटिबायोटिक देणार आहेत. फ्रांगिस्कोसला कुठलं औषध सोसत नाही का? नर्सनंही हेच विचारलं असणार."

आनेता उठून उभी राहिली. "तुझ्या जन्माआधीची गोष्ट. पेनिसिलिनची सुई टोचली आणि पोराचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला. श्वास घेईना. मी त्याला उचलून पायऱ्या उतरत पळत गेले होते."

रोझाला वाक्य जुळवता येईना. क्रियापदं कुठं पळाली कोण जाणे. मग तिनं ठोकळे एकामागून एक ठेवावेत तसे शब्द ठेवले.

"डॉक्टर. पेनिसिलिन, नो. अ‍ॅलर्जी. अस्फिक्सिया."

अस्फिक्सिया म्हणजे श्वास कोंडणं. डॉक्टरांनी तेच शब्द सावकाश उच्चारले, आणि रोझा दर शब्दाला "येस" म्हणत राहिली. पेनिसिलिन द्यायची तयारी झाली होती, ती थांबवली, आणि त्याला दुसरं औषध देऊन शस्त्रक्रियेसाठी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. रोझानं ऐकून घेतलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"काय म्हणाले? मोठा शब्द की छोटा?" आनेतानं विचारलं.

"छोटा," रोझा म्हणाली. "स्लीपिंग. झोपलाय."

फ्रांगिस्कोस वाळून का होईना, घरी आला. पुढे काही वर्षं गावात माझं भारी कौतुक झालं. लोक मला बघायला येत, मुलं ठोकळे हाताळत. बाई मात्र प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी 'आगोनिया'ची गोष्ट सांगत आणि मगच माझं झाकण उघडत.

मग बाई गेल्या. मी एका शाळेत आले, तिथून ग्रंथालयात, तिथून अडगळीच्या खोलीत. शब्दांचे अर्थ आता फोनच्या पडद्यावर मिळतात. माझा एक ठोकळा डुगडुगत्या टेबलाखाली सरकवलेला आहे, काही कुठे आहेत हे मलाही माहीत नाही. ही खोली लवकरच रिकामी करणार आहेत म्हणे. दाराशी पावलं वाजली की मी कान टवकारते. मला उचलणारा हात मला कुठे नेईल, ते समजत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढं सांगण्याचा मला हक्क आहे. पण माझी त्याहून मोठी विनंती शब्दांसाठी आहे. एखादा लांबलचक शब्द समोर आला तर त्याला भिऊ नका. तो हळूच उकला आणि आत कोण बसलंय ते बघा. ओळखीचं कुणी निघालं तर आनंद माना. आणि तरीही, ज्याच्या तोंडून तो शब्द आला त्याला एकदा विचारा, "तुमच्याकडे याचा अर्थ काय?"

त्याचं उत्तर येईपर्यंत निर्धास्त होऊ नका.