सासू-सासरे धरून

कायद्याच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना सरकारी धोरण कसं बनतं ते हाताने करून कळावं, म्हणून कॉलेजने त्यांना निरनिराळ्या खात्यांत धाडलं होतं. घरात ज्याला सगळे 'वकीलसाहेब' म्हणून चिडवत, तो रजा-नियमांच्या कक्षात येऊन पडला. धोरण वगैरे लांबच राहिलं. सुरुवातीला त्याने जुन्या परिपत्रकांवर पानांचे आकडे घातले आणि पंख्याखाली उडणारे कागद धरून ठेवले. संध्याकाळी घरी जाताना डोक्याचा पार भुगा झालेला असे.

मग शुश्रूषा-रजेचा मसुदा आला. आजारी आई-वडिलांची काळजी घ्यायला सरकारी नोकरांना पगारी रजा मिळे, तिचे नियम नव्याने लिहायचे होते. जुन्या नियमात फक्त स्वतःचे आई-वडील होते. ते वाचून त्याला वहिनी आठवली. ती दुसऱ्या एका सरकारी कचेरीत होती आणि घरी त्याच्या आईचं उठणं-बसणं, औषधं, अंघोळ सगळं तीच बघे, आपल्या हक्काच्या रजा घालवून. सासूचं सगळं करायचं आणि कागदोपत्री ती आपली कोणीच नाही, हे त्याला पटेना. वहिनीचं उदाहरण देऊन त्याने टिपण लिहिलं, ते परत आलं, पुन्हा लिहिलं. कक्ष अधिकारी बाई कामाने पिचून गेलेल्या. त्या म्हणाल्या, उगाच शेपूट वाढवू नकोस. तरी तो हटून बसला. अखेर 'सासू-सासरे धरून' एवढं मसुद्यात गेलं आणि वरून सही होऊन आलं. बाईंनी त्याची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने बातमी सांगितली. पुढच्या महिन्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि नंतर काही आठवडे सतत कोणीतरी जवळ हवं होतं. वहिनीच्या रजा संपलेल्या, म्हणून पुष्कळ का-कू करून दादाने रजेचा अर्ज भरला होता. बातमी ऐकून दादाचा चेहरा खुलला. नवा नियम कधीपासून लागू, एवढंच त्याने विचारलं. पहिल्या तारखेपासून, असं कळताच, मग माझ्या रजेची गरजच नाही, म्हणाला आणि ताटात आणखी वाढून घेतलं. आईलाही बरं वाटलं. सुनेच्या हाताची तिला सवय होती.

तो ताट ठेवायला आत गेला तेव्हा वहिनी ओट्याला टेकून उभी होती. ती खूश होईल, असं त्याला इतके दिवस वाटत आलं होतं.

"भाऊजी, मला रजा मिळत नाही, एवढं एकच सांगता येत होतं मला," ती म्हणाली. "त्यावर कोणाला काही बोलता यायचं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे आईंजवळ बसणार होते. मी नुसती ऑफिसला जाणार होते आणि परत येणार होते."

तो कानकोंडा झाला. नियम चुकीचा नव्हता. कितीतरी सुनांना तो हवाच होता. पण सुनांच्या वतीने एवढी टिपणं खरडताना त्याने घरातल्या सुनेला एका शब्दाने विचारलं नव्हतं. दादाशी भांडावं, तर दादा नियमावर बोट ठेवणार, आणि तो नियम यानेच लिहिलेला. उभ्या उभ्या त्याच्या ध्यानात आलं, की आईजवळ कोणी बसायचं याचा घरात इतका खल झाला, त्यात त्याचं नाव एकदाही निघालं नव्हतं. त्याने स्वतःही काढलं नव्हतं. याची त्याला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सांगितलं, की पुढचा महिनाभर आपण येणार नाही, आईजवळ बसायचंय. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. हजेरी भरली नाही तर प्रमाणपत्र हातात पडणार नाही आणि एवढी मेहनत पाण्यात जाईल, असं त्यांनी समजावलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"अरे, पण घरी वहिनी आहे ना तुझी?" त्या म्हणाल्या.

"आहे," तो म्हणाला. "पण आई माझी आहे."