हात न लागलेला डायोड

"बोर्ड नीट धुवायचा नाही आणि वर तोंड करून बोलायचं? तुझ्यामुळे चाळीस पेट्या परत आल्यात, कळतंय का?"

"मी दोनदा धुते, साहेब."

"मग पोर्ट काय हौस म्हणून बंद पडतात?"

डिझाइनवाले साहेब सोल्डरिंगच्या टेबलावर हात आपटत होते. धाकटी हातातलं गरम आयर्न स्टँडवर ठेवायचंही विसरली होती. दोन टेबलं पलीकडे टेस्टिंगला बसलेली थोरली सगळं ऐकत होती. दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच बसने यायच्या आणि पाण्याच्या मोटारीवरून झालेल्या भांडणानंतर आठ महिने एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्यामुळे सगळ्या शेडला वाटत होतं, थोरलीला आतून गुदगुल्या होत असणार.

कसल्या गुदगुल्या, तिचं डोकं फिरलं होतं.

कारखान्यात नेटवर्कचे स्विच बनायचे. एकाच वायरीतून कॅमेऱ्याला नेट पण आणि वीज पण. मात्र हा स्विच वाट्टेल त्याला वीज देत नाही. दारावर थाप पडली की आपण आधी 'कोण आहे' विचारतो आणि मग कडी काढतो, तसंच. वायर जिथे खोचतात तो पोर्ट आधी थोडेसे व्होल्ट सोडून बघतो. समोरून पंचवीस हजार ओहमच्या आसपास उत्तर आलं तर ओळख पटली, वीज चालू. एकोणीस हजारांच्या खाली आलं की कडी बंदच. परत आलेले स्विच सकाळी टेबलावर ठणठणीत चालायचे. गिऱ्हाइकाकडे भर दुपारी पत्र्याच्या डब्यात तापले, की समोरच्या कॅमेऱ्याला ओळखच दाखवायचे नाहीत.

साहेबांचं म्हणणं, हाताने सोल्डर केलेल्या जागी फ्लक्स, म्हणजे टाका धरायला लावतात तो राळेसारखा पदार्थ, चिकटून राहतो, त्यातून करंट गळतो. बोलायला काय जातंय. नाचता येईना, अंगण वाकडं.

जेवणाच्या सुट्टीत थोरली जागेवरून उठलीच नाही. परत आलेला एक बोर्ड तिने स्वतः घासून धुतला, वाळवला, हॉट एअर गनने तापवला. पोर्ट बंद. मग पोर्टजवळचा डायोड काढून टाकला. वायरीतून विजेचा झटका आला तर पोर्टला वाचवायला तो असतो. गेल्या खेपेपासून साहेबांनी तो नव्या जातीचा निवडला होता. तो निघाल्यावर बोर्ड कितीही तापवा, पोर्ट चालू.

तरी तिने घाई केली नाही. नव्या डायोडच्या पट्टीच्या रिळातून एक कोरा डायोड कापला, पंचवीस हजारांच्या रेझिस्टरला समांतर जोडला, नऊ व्होल्ट दिले. मीटरवर तीनशे साठ मायक्रोअँप. वरून गरम हवा सोडली. चारशे. साडेचारशे. पाचशे चौदा. तिने रद्दी कागदावर भागाकार केला. साडेसतरा हजार, एकोणीसच्या खाली.

कागद उचलून ती तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. साहेब तिथेच बसले होते.

"डायोड गळतोय, सर. तापला की गळतो. सोल्डरिंगचा काही संबंध नाही."

मॅनेजरने आकडे बघितले, मग साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते.

"बरोबर दिसतंय," मॅनेजर म्हणाले. "पुढच्या खेपेला बदलू डायोड."

"मग बाहेर येऊन तिला तसं सांगा ना."

"अहो ताई, जरा समजून घ्या. तीन वाजता गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येतोय. डिझाइन चुकलं म्हटलं की तो विकलेला सगळा माल परत पाठवेल. सोल्डरिंग म्हटलं की बाई बदलली, विषय संपला. तुम्ही टेस्टर. तुमच्या तोंडून ऐकलं की तो मानेल."

"म्हणजे तिला काढणार."

"तुम्हाला काय एवढं तिचं?" साहेब हसले. "धड बोलता तरी का दोघी?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडण घरातलं होतं, तिचं स्वतःचं होतं. आपली चूक झाकायला या माणसाने त्याची चादर करावी? सहा वर्षं ती धाकटीचे सोल्डरचे टाके भिंगाखाली बघत होती. बाई घरात हजार वेळा वाकड्यात शिरेल, पण तिचा एक टाका कधी ओबडधोबड निघाला नव्हता.

"बघते," एवढंच म्हणून ती बाहेर आली.

इन्स्पेक्टर तीनच्या ठोक्याला आला. मॅनेजरने बोर्ड पुढे केले, हळहळले, हाताच्या कामाचा दोष सांगितला. धाकटी तिथेच मान खाली घालून उभी होती. "आमच्या टेस्टरनाच विचारा," मॅनेजर म्हणाले.

थोरलीने रिळ इन्स्पेक्टरपुढे धरलं. "यातला कुठलाही एक तुम्हीच कापा."

"मी कशाला?"

"म्हणजे कुणी धुतला, कुणी नाही, ही भानगडच नको. त्याला अजून कुणाचा हातच लागलेला नाही."

त्याने कापला. तिने जोडला, गन धरली. आकडा चढत गेला तसा इन्स्पेक्टर खुर्ची पुढे ओढत गेला.

"हा पार्ट निवडला कुणी?" त्याने विचारलं.

थोरलीने बोट दाखवलं नाही. साहेबांचे कान लालबुंद झाले होते, तेवढं पुरलं.

इन्स्पेक्टरने सगळं आपल्या वहीत लिहून घेतलं आणि गेला. आता धाकटीला हात लावायची सोय राहिली नव्हती. मग राग काढायचा कुणावर? साडेचारला मॅनेजरने थोरलीला आत बोलावलं. अकरा वर्षं आणि दोन मिनिटं. उद्यापासून यायचं नाही.

गेटवर वॉचमनने तिची पिशवी उघडायला लावली. "हे भिंग कंपनीचं का?"

"त्यांचं स्वतःचं आहे," मागून धाकटी म्हणाली. ती पळत आली होती, एप्रन अंगावर तसाच. "घरून आणलंय. ठेवा ते परत."

वॉचमनने ठेवलं. धाकटी थोरलीकडे वळली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला?"

आठ महिन्यांनी बोलली, तेही भांडणाचंच.

"तुझ्यासाठी नाही पडले. मोटारीच्या वेळी तूच चुकली होतीस."

"गेली ती मोटार खड्ड्यात. आता काय करणार तुम्ही?"

थोरलीने पिशवीचे बंद ओढून गाठ मारली. एकदा सुटली, परत मारली.

"आत जा. तुझी शिफ्ट संपायची आहे. मला निघायला हवं आता."