सातव्यानंतरचे चोवीस

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं, त्याची नोंदवही मी ठेवते. यंदा एकतीस मेंढे आले, एकतिसावा आमचाच. प्रत्येकाच्या कानातला बिल्ला कागदाशी ताडून बघितला, मगच आत घेतला. बिल्ला जुळला नाही म्हणून सख्ख्या दिराला दारातून परत धाडलं. त्याने सगळ्यांदेखत माझी अक्कल काढली.

मग परीक्षक इद्वाल रिंगणात उतरला. मेंढ्याचं तोंड उघडायचं, दातांवरून अंगठा फिरवायचा, की लगेच पुढचा मेंढा. मी जंतुनाशकाची बादली त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

"हेलेद, चाळीस वर्षं तोंडं तपासतोय मी. आता हात धुवायला तू शिकवणार?"

लोक हसले. दिराशी भांडून माझं डोकं आधीच उठलं होतं. मी गप्प बसले.

आठ दिवसांनी सातव्या नंबरच्या मेंढ्याला लाळ्या-खुरकूत निघाली. आमच्याकडे एका जनावराला लागण झाली किंवा तसा नुसता संशय आला, की अख्खा कळप मारतात. सरकारी डॉक्टरीणबाई माझ्या स्वयंपाकघरात नोंदवही उघडून बसल्या.

"तपासणी याच क्रमाने झाली?"

"हो."

त्यांनी सातच्या खाली रेघ मारली. रेघेखाली चोवीस नंबर होते, चोवीस घरांचे.

"बादली नव्हती?"

"होती. संध्याकाळी ओतली, तेव्हा पाणी जसंच्या तसं होतं."

बाईंनी रेघेखालचे नंबर पुन्हा मोजले. मग वही मिटून म्हणाल्या, "नोंदी फार चोख ठेवल्यात तुम्ही. एकही कळप सुटायचा नाही."