सोमवारचे कोरे फॉर्म

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि मला माझ्याच अक्षरांची शिसारी आली आहे. ती अक्षरे आहेत 'गाडी तपासली'.

मालवाहतुकीच्या एका दलालाच्या टेबलावर मी वाढलो. लोकांचा माल कोणत्या ट्रकमालकाच्या हवाली करायचा, हे ठरवणे त्याचे काम. सगळे त्याला काका म्हणत. काका मला शर्टाच्या खिशात घालून थेट ट्रकपर्यंत नेत. टायरवरून हात फिरवत, ब्रेक दाबून बघत, विम्याची तारीख वाचत, ड्रायव्हरची झोप झाली का ते विचारत. एखाद्या मालकाने लोणकढी थाप मारली, तर त्याला तसाच परत पाठवत. मगच मला फॉर्मवर टेकवत. खिशाला शाई लागते म्हणून काकू रोज कुरकुरत. ते दिवस मानाचे होते.

काका थकले आणि टेबल पुतण्याकडे आले. पुतण्या हुशार, नको तितका हुशार. सोमवारी सकाळी चहा पिता पिता तो पन्नास कोऱ्या फॉर्मवर मला धपाधप आपटायचा. गाडीचा पत्ता नाही, मालकाचे नाव नाही, पण 'गाडी तपासली'! मग आठवडाभर जो आधी हो म्हणेल त्याचे नाव वर भरायचे. किळस यायची मला त्या हाताची.

एका बुधवारी फॉर्मवर नाव भरताना आमच्या ऑफिसातल्या कारकून बाई अडखळल्या. या मालकाच्या गाडीचे ब्रेक दोनदा निकामी झालेत, असे त्यांनी पुतण्याला सांगितले. गाडी आपली नाही, ड्रायव्हर आपला नाही, आपण कशाला डोकेदुखी घ्यायची, असे म्हणून तो हसला. बाईंनी नाव लिहिले.

गुरुवारी तो ट्रक उतारावर थांबलाच नाही. एक सुतार मुलीला शाळेतून घरी आणत होता. मुलगी वाचली.

ट्रकमालक पसार झाला. दलाल म्हणून पुतण्याही सुटला, तर सुताराच्या मरणाला उत्तर देणारे कोणी उरणार नव्हते. कोर्टात पुतण्याच्या वकिलाने तेच पालुपद लावले की आम्ही नुसते मध्यस्थ. वर पुरावा म्हणून टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, तपासणी झालीच होती, हा बघा शिक्का. मित्रांनो, मी त्या ट्रकचे चाकसुद्धा पाहिले नव्हते! इतका निर्लज्ज खोटेपणा माझ्या नावावर कधी खपवला गेला नव्हता.

मग कारकून बाई उभ्या राहिल्या.

"शिक्का सोमवारीच मारलेला होता, साहेब. नाव मी बुधवारी लिहिलं. गाडी कुणीच बघितली नाही. ब्रेकचं मला माहीत होतं."

गाडी निवडली तुम्ही, तर जबाबदारीही तुमची, असे न्यायाधीशांनी पुतण्याला सुनावले आणि निकाल त्याच्या विरुद्ध गेला. कोर्ट उठल्यावर सुताराची बायको बाईंजवळ आली. ती आभार मानेल असे मला वाटले.

"माहीत होतं, तर नाव लिहिलंत कशाला?" तिने विचारले.



आता मी पुराव्याच्या कपाटात धूळ खात पडलो आहे आणि इथेच बरा आहे. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हातात असाच एखादा शिक्का येईल. आधी गाडी बघा. आणि मन कचरत असेल, तर पेन खाली ठेवा.